मांजराच्या पिल्लांचे डोळे येतात तेव्हा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भाताचे घर म्हटले की कणगी आली, कणगीपाठोपाठ उंदीर आले आणि उंदीर आले की मांजर हवेच. गाई-म्हशींच्या आजारासाठी लोक दहा मैल चालून येतात, पण मांजराच्या पिल्लासाठी डॉक्टर ही कल्पना अजूनही अनेकांना गमतीची वाटते. किन्हवली, सरळगाव, धसई या भागांत फिरताना एका डोळ्याची मांजरे मला वरचेवर दिसतात. चौकशी केली की उत्तर ठरलेले असते, ‘लहानपणी डोळे आले होते, त्यात गेला.’ हे डोळे बहुधा वाचवता आले असते. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

डोळे केव्हा उघडतात?

पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या पापण्या चिकटलेल्या असतात. साधारण ७ ते १४ दिवसांत त्या उघडतात. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते आणि मग त्यांचे डोळे उघडतात, अशी आपल्याकडे समजूत आहे. मांजर जागा बदलते हे खरे. पण डोळे उघडण्याचा घरांच्या संख्येशी संबंध नाही. या समजुतीपायी लोक वाट पाहत बसतात आणि नेमके नुकसान तिथेच होते. न उघडलेल्या पापणीआडही पू साचू शकतो. पापणी फुगीर दिसते, कोपऱ्यातून पिवळा थेंब येतो. आत कोंडलेला पू कोवळे बुबुळ खाऊन टाकतो. असे दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. पापणी स्वतः ओढून फाडू नये.

कारणे कोणती?

पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे मांजरांच्या सर्दीचा विषाणू, हर्पीस. यात शिंका, नाक वाहणे, ताप आणि डोळ्यांना चिपडे ही लक्षणे एकत्र दिसतात. हा विषाणू बुबुळावर जखम करतो. तो एकदा शरीरात शिरला की बहुधा जन्मभर दबून राहतो आणि अशक्तपणात पुन्हा डोके वर काढतो. बाळंतपणाचा व दूध पाजण्याचा ताण पडला की आई धडधाकट दिसत असूनही पिल्लांना तो देते. दुसरे कारण क्लॅमिडिया नावाचा जंतू. यात बहुधा आधी एकच डोळा लाल होऊन सुजतो आणि काही दिवसांनी दुसरा येतो. कॅलिसी विषाणू व मायकोप्लाझ्मा हीही कारणे आहेत. यांवर पू करणारे साधे जंतू स्वार होतात आणि डोळा चिकटून बंद होतो. पेंढ्याची धूळ, चुलीचा धूर आणि ओली जागा यांनी त्रास वाढतो.

घरी काय करावे?

१) अर्धा लिटर पाणी उकळून त्यात सपाट एक चमचा मीठ विरघळवावे व कोमट होऊ द्यावे. रोज नवे पाणी करावे.

२) पिल्लाला स्वच्छ फडक्यात गुंडाळून, फक्त डोके बाहेर ठेवून धरावे.

३) कापसाचा बोळा त्या पाण्यात भिजवून एक-दोन मिनिटे डोळ्यावर ठेवावा. चिपडे मऊ झाली की नाकाच्या बाजूकडून बाहेर अलगद पुसावे. कोरडी चिपडे नखाने खरवडू नयेत.

४) प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा वापरावा. वापरलेले बोळे जाळावेत.

५) पशुवैद्यांनी दिलेले मलम तांदळाच्या दाण्याएवढे, सांगितले असेल तितक्या वेळा घालावे. नळीचे टोक डोळ्याला लावू नये. डोळा स्वच्छ दिसला तरी सांगितलेले दिवस पुरे करावेत. क्लॅमिडिया असल्यास नुसत्या मलमाने भागत नाही. पोटातूनही औषध द्यावे लागते, तेही सुमारे चार आठवडे आणि घरातील सर्व मांजरांना.

६) नाक चोंदलेल्या पिल्लाला वास येत नाही आणि वास आला नाही की ते दूध ओढत नाही. म्हणून नाकही पुसावे, पिल्लाला उबेत ठेवावे व आईला लावावे. रोज एकाच वेळी तराजूवर वजन करावे. निरोगी पिल्लाचे वजन रोज सुमारे १० ग्रॅम वाढते. वजन घटले तर डोळ्याइतकाच जिवालाही धोका आहे असे समजावे.

काय करू नये?

मध, तुरटीचे पाणी, हळद, काजळ, एरंडेल, बाळंतिणीचे दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर माणसांचे डोळे येण्याची मोठी साथ होती. तेव्हापासून डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली पुष्कळ घरांत असते. ती उघडून बराच काळ झाला असेल तर फेकून द्यावी. शिवाय काही थेंबांत स्टेरॉइड असते. लाली लगेच कमी होते म्हणून ते गुणकारी वाटते, पण बुबुळावर जखम असेल तर ती चिघळून बुबुळाला भोक पडू शकते. मुरबाडकडील एका घरातून माझ्याकडे तीन पिल्ले आली होती. दोघांना नुसते मिठाचे पाणी व मलम मिळाले, ती बरी झाली. तिसऱ्याला घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब आधीच चार दिवस घातले होते. त्याचा डोळा काढावा लागला.

ताप उतरावा म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नये. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. एका गोळीनेही मोठे मांजर दगावते.

तातडीने केव्हा जावे?

बुबुळ निळसर-पांढरे दिसणे, डोळा घट्ट मिटून ठेवणे किंवा पुढे आल्यासारखा दिसणे, तोंडाने श्वास घेणे, दूध न पिणे, अथवा घरगुती स्वच्छतेने २४ तासांत फरक न पडणे. यांपैकी एकही दिसले तर थांबू नये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजरही तपासले जाते. डोळ्याची मोठी शस्त्रक्रिया लागल्यास मुंबईत परळला जनावरांचे जुने रुग्णालय आहे.

माणसांना लागते का?

मांजरांचा हर्पीस माणसाला होत नाही. क्लॅमिडिया क्वचित होतो, म्हणून डोळे पुसल्यावर साबणाने हात धुवावेत व मुलांना पिल्लांच्या तोंडाशी तोंड नेऊ देऊ नये. औषध घालताना पिल्लाने चावले किंवा ओरखडले तर जखम १५ मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुवून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

पुढच्या खेपेला

मांजर व्यायला टेकली की पेंढ्याऐवजी जुन्या सुती लुगड्याचे तुकडे घातलेले खोके, चुलीपासून दूर व कोरड्या जागी ठेवावे. तुकडे वरचेवर बदलून गरम पाण्यात धुवावेत. पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचे झाल्यावर सर्दीविरुद्धची पहिली लस द्यावी व ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने ती १६ आठवड्यांचे होईपर्यंत पुन्हा द्यावी. या लशीने रोग अगदी टळतोच असे नाही, पण तो सौम्य होतो. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचावी.

एक डोळा गेलेले मांजरही उंदीर धरते, माळ्यावर चढते आणि अनेक वर्षे जगते, हे खरे. त्यामुळे अशा पिल्लाला घराबाहेर काढू नये. पण चिमूटभर मीठ, उकळलेले पाणी, कापूस आणि पहिल्या दोन दिवसांतील लक्ष एवढ्यावर जो डोळा वाचतो, तो वाचवलाच पाहिजे.