कापसावरचा कर उठला, वेचणी कुणाची बुडाली?

प्रश्न : परदेशी कापसावरचा कर माफ केल्याने आमच्या मजुरांचं काय बिघडतं?
– एक वाचक, धाड (जि. बुलढाणा)

उत्तर : बरंच बिघडतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ११ टक्के आयात शुल्क उठवलं, पुढे सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. नेमका आपल्या वेचणीचा हंगाम! गिरण्यांना बाहेरची गाठ स्वस्त पडली की जिनिंगवाले हात आखडतात, भाव दबतो. मग शेतकरी शेवटच्या वेचणीआधीच पऱ्हाटी उपटतो आणि किलोवर वेचणाऱ्या बायांचा रोज बुडतो. भारतीय मालावरच्या अमेरिकेच्या ५० टक्के करामुळे कपडा कारखान्यांतल्या नोकऱ्याही धोक्यात होत्या, हे खरं. पण त्याचा भार कोरडवाहू शिवारावर टाकणं अन्यायाचंच. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामात ८,११० रुपये क्विंटल होता. हमीभाव पूर्ण मिळवायचा तर भारतीय कापूस महामंडळाकडे (सीसीआय) वेळेत नोंदणी करा आणि कापूस वाळवून न्या. ओलावा ८ टक्क्यांवर गेला की कपात होते.