रुळांतील अंतर आणि विकासाची किंमत : पापनाशमच्या रेल्वेमार्गाचा अभ्यास

वाहतुकीच्या इतिहासाचा अभ्यास करताना आपले लक्ष बहुधा इंजिन, वेग आणि आरंभाच्या सनावळीकडे जाते. रुळांमधील अंतर, म्हणजेच ‘गेज’, हा विषय मात्र तांत्रिक तपशील म्हणून मागे पडतो. वस्तुतः या एका निर्णयाचे परिणाम एखाद्या प्रदेशाला शतकाहून अधिक काळ भोगावे लागतात. तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यातील पापनाशम हे त्याचे उत्तम उदाहरण होय. (तिरुनेलवेली जिल्ह्यातही याच नावाचे गाव आहे, परीक्षार्थींनी दोहोंत गल्लत करू नये.)

रेल्वेपूर्व काळ

पापनाशम हे तंजावर व कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसले आहे. भातशेती हा येथील जीवनाचा आधार. गावातील नायककालीन विशाल धान्यकोठार त्याची साक्ष देते. मुबलक धान्य पिकत असले, तरी ते बाहेर नेण्याचे मुख्य साधन बैलगाडी हेच होते. यात्रेकरूंचा प्रवास बहुतांशी पायी होई. तंजावरच्या मराठा राजांनी त्यांच्यासाठी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा उभारल्या. सरफोजी राजे दुसरे यांच्या काळात १८०२ मध्ये ओरत्तनाडू येथे स्थापन झालेले मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी प्रसिद्ध आहे. वाहनाचे तंत्र जुनेच राहिले, तरी सोयींमुळे प्रवास सुसह्य होतो, हे या व्यवस्थेने दाखवून दिले.

रुंदमापी ते मीटरमापी

देशातील पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावली. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, १८६१-६२ मध्ये, ग्रेट सदर्न ऑफ इंडिया रेल्वे कंपनीने नागपट्टिणम ते तिरुचिरापल्ली हा तंजावरमार्गे जाणारा लोहमार्ग सुरू केला. तो रुंदमापी (ब्रॉडगेज), म्हणजे १,६७६ मिलिमीटर अंतराचा होता.

त्या काळी खासगी कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची सरकारी हमी असे. तूट सरकारी तिजोरीवर पडे. या पार्श्वभूमीवर १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत काटकसरीसाठी १,००० मिलिमीटरचे मीटरगेज स्वीकारण्यात आले. अरुंद भराव, हलके रूळ व लहान पूल यांमुळे बांधकामाचा खर्च कमी होई. कालवे व नद्यांचे जाळे असलेल्या प्रदेशात ही बचत आकर्षक वाटणे स्वाभाविक होते.

१८७४ मध्ये साउथ इंडियन रेल्वे स्थापन झाली आणि १८७५ मध्ये नागपट्टिणम–तिरुचिरापल्ली मार्ग मीटरगेजमध्ये बदलण्यात आला. अस्तित्वात असलेला रुंद मार्ग अरुंद करण्याचे हे उल्लेखनीय उदाहरण आहे. मद्रासकडून कुंभकोणम, पापनाशममार्गे तंजावरला येणारा मार्ग तर त्याच दशकाच्या उत्तरार्धात मीटरगेजचाच बांधला गेला.

गेजभेदाची किंमत

आरंभीची बचत पुढे महाग पडली. जेथे गेज बदलते, तेथे मालाची पोती एका वाघिणीतून काढून दुसऱ्या वाघिणीत भरावी लागतात. मजुरी, वेळ व नासाडी वाढते. प्रवाशांनाही गाडी बदलावी लागते. चेन्नईत मीटरगेजच्या गाड्यांसाठी एग्मोर, तर ब्रॉडगेजसाठी सेंट्रल, अशी दोन स्वतंत्र स्थानके याच भेदाची खूण ठरली.

१९९२ मध्ये एकगेज प्रकल्प हाती घेण्यात आला. तथापि विल्लुपुरम–तिरुचिरापल्ली हा जवळचा ‘कॉर्ड’ मार्ग आधी रूपांतरित झाला आणि त्रिभुज प्रदेशातून जाणाऱ्या जुन्या मुख्य मार्गाला प्रतीक्षा करावी लागली. त्यावरील विल्लुपुरम–मयिलादुतुराई टप्पा २००६ च्या अखेरीस बंद झाला व २०१० मध्ये ब्रॉडगेज म्हणून पुन्हा सुरू झाला. दरम्यानच्या काळात पापनाशमहून याच वाटेने चेन्नईला थेट गाडीने जाणे शक्य नव्हते. ६७६ मिलिमीटरचे अंतर भरून काढण्याचा भार अशा रीतीने सामान्य प्रवाशांनी उचलला.

महाराष्ट्रातील साम्य

महाराष्ट्रातही असाच अनुभव आला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये ७६२ मिलिमीटर गेजवर सुरू झाली. दुर्गम भागाला कमी खर्चात रेल्वे मिळाली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु कुर्डुवाडी–लातूर मार्ग ब्रॉडगेज होण्यास २००८ साल उजाडले.

निष्कर्ष

स्वस्त तंत्रज्ञान नेहमी चुकीचे असते, असा याचा अर्थ नव्हे. मीटरगेज नसते तर अनेक भागांत रेल्वे कितीतरी उशिरा पोहोचली असती. मात्र पायाभूत सुविधांची निवड करताना केवळ बांधकामाचा खर्च न पाहता उर्वरित जाळ्याशी जोडणी, देखभाल आणि भावी रूपांतर यांचा एकत्रित विचार आवश्यक आहे. नियोजनातील आजची बचत उद्याच्या पिढीवरील कर्ज ठरू नये, हाच पापनाशमच्या लोहमार्गाचा धडा आहे.

अभ्यासासाठी प्रश्न
१. सरकारी परताव्याची हमी आणि मीटरगेजचा स्वीकार यांतील संबंध स्पष्ट करा.
२. गेजभेदाचे कृषी मालाच्या वाहतुकीवर होणारे परिणाम सोदाहरण लिहा.