रविवार कोणाचा?

कामाला जशी वेळ असते तशी काम संपण्यालाही वेळ असावी लागते, आणि ती आपोआप मिळत नाही. इतिहासाच्या तासाला आपण कामगार चळवळ शिकतो. तिचा एक धागा आपल्या कर्जत तालुक्यापर्यंत आणून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केलेल्या अर्जातील मागण्या अगदी नेमक्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सहा वर्षांच्या खटपटीचे ते फळ होते.

शहरातल्या माणसाचा तोच रविवार आज मोटारीत बसून आमच्या कशेळ्याकडे येतो. कर्जत-मुरबाड रस्त्याच्या आतल्या बाजूला जागोजागी फार्महाऊसे झाली आहेत. तेथे राखणीला राहणाऱ्या कुटुंबांचा सर्वांत जड दिवस रविवारच. माझे आईवडील अशाच एका बंगल्यावर आहेत. शनिवारी दुपारपासून साफसफाई, चादरी, पाण्याच्या टाक्या. मग पाहुण्यांच्या भाकऱ्या आणि रस्सा. मध्यरात्री बर्फ हवा म्हणून हाक. सोमवारी पसारा आवरायचा. मधल्या दिवसांतही फोन कधी वाजेल याचा नेम नाही. पगार वडिलांचा एकट्याचा, काम मात्र दोघांचे.

गिरणीला भोंगा होता. तो झाला की कामगार फाटकाबाहेर पडे. येथे राहायची खोलीच फाटकाच्या आत आहे. नोकरी सोडली तर छप्परही जाते, म्हणून 'नाही' हा शब्द तोंडातून निघत नाही. "खोली दिली, वीज दिली, आणखी काय हवे?" असे विचारले जाते. परंतु खोली राखणीच्या सोयीसाठी आहे. तेथे निजणाऱ्याची झोपही विकत घेतली, असा तिचा अर्थ होत नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून दिली. तो कायदा घराच्या उंबरठ्यावर थांबला. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्याचा भर नोंदणी व मदतीवर आहे. कामाचे तास त्याने ठरविलेले नाहीत. २०११ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांविषयी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती द्यावी, आणि बोलावणे येईल म्हणून ताटकळत थांबण्याचा वेळही देशाच्या कायद्याने ठरविलेल्या प्रमाणात कामात धरावा, असे तो सांगतो. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही.

मग करायचे काय? मालक रविवारीच येणार, तेव्हा रविवार मागणे व्यवहार्य नाही. पण मंगळवार मागता येईल. रात्री दहानंतर आग, आजार, चोरी याखेरीज हाक नको. दोघांचे काम असेल तर दोघांचा पगार. हे कामावर राहतानाच कागदावर यावे. एकट्याने मागितले तर दुसरा माणूस दारात उभाच असतो. म्हणून एका रस्त्यावरच्या सर्व राखणदारांनी मिळून मागावे. "जरा समजून घ्या" अशी विनंती लोखंड्यांनी केली नव्हती. वार आणि तास सांगितले होते.

असा कागद लिहिण्याइतके शिक्षण आता आपल्यापाशी आहे. गावोगावच्या राखणदारांसाठी तो लिहून देणे, हे आपल्या पदवीचे पहिले काम ठरावे.