जोडा टिकवावा कसा?



शाळेच्या वार्षिक अंकात इतिहासावर, विज्ञानावर किंवा थोर पुरुषांच्या चरित्रांवर लेख असावेत, हे सर्वांस मान्य आहे; परंतु पायांतील जोड्यावर लेख आलेला पाहून कित्येकांना हसू येईल. तथापि जूनमध्ये घेतलेला जोडा दिवाळीपूर्वीच उसवला म्हणजे घरात जो प्रश्न उभा राहतो, तो हसण्यासारखा नसतो. त्या सुमारास कापसाची वेचणी नुकतीच सुरू झालेली असते आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा यावयाचा असतो. मग फाटक्या जोड्याचा विद्यार्थी कवायतीला मागच्या रांगेत उभा राहतो आणि खेळाच्या तासाला ‘पाय दुखतो’ असे सांगून झाडाखाली बसतो. जोड्यापायी मुलाचा खेळ सुटावा, हे आम्हांस मोठे नुकसान वाटते. म्हणून जोडा कशाने झिजतो व त्याचे आयुष्य कसे वाढवावे, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘त्राण’ म्हणजे रक्षण; पायांचे रक्षण करते ते पादत्राण. बोलीत त्याचेच ‘पायताण’ झाले. संस्कृतातील ‘उपानह्’ या शब्दापासून मराठीत ‘वहाण’ आली. आमच्या कोंकणीत ती ‘व्हाण’ झाली. शेजारच्या तेलुगू भाषेत ‘चेप्पुलु’ म्हणतात. नाव कोणतेही असो, काम एकच, पायाचे रक्षण करणे. आता या रक्षकाचे रक्षण कसे करावे, ते पाहावयाचे आहे.

एखाद्या गोष्टीचा नियम शोधावयाचा असेल, तर ती गोष्ट जेथे अत्यंत ठळकपणे घडते तेथे पाहावे, अशी विज्ञानाची रीत आहे. सर्वांत लवकर झिजणाऱ्या जोड्यांत स्केटबोर्ड खेळणाऱ्यांच्या जोड्याची गणना करावी लागेल. स्केटबोर्ड म्हणजे चार लहान चाकांवर बसविलेली, सुमारे ८० सेंटिमीटर लांबीची लाकडी फळी. पाय घसरू नये म्हणून तिच्या पाठीवर सुताराच्या पॉलिश कागदासारखा खरखरीत थर चिकटविलेला असतो. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला. २०२० सालची ती स्पर्धा २०२१ मध्ये भरली आणि जपानच्या मोमिजी निशिया या अवघ्या १३ वर्षांच्या मुलीने तीत सुवर्णपदक मिळविले.

हा खेळ केवळ परदेशी व शहरी मुलांचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे एक खेडे आहे. तेथे २०१५ साली उल्रिके राइनहार्ट या जर्मन बाईंनी मुलांसाठी या खेळाचे मैदान उभारले. त्या मैदानाचे दोन नियम प्रसिद्ध आहेत: शाळेत जाणार नाही त्याला फळी मिळणार नाही, आणि मुलींचा मान पहिला. तेथील कित्येक मुले अनवाणीच फळीवर चढत. त्याच गावची आशा गोंड ही मुलगी २०१८ साली चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत भारताच्या वतीने उतरली. ती गोंड समाजातील आहे. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात गोंड बांधवांची केवढी मोठी वस्ती आहे, हे तुम्हांस ठाऊकच आहे. तेव्हा हे उदाहरण आपल्याला दूरचे वाटू नये.

आता या खेळातील जोड्याचे काय होते ते पाहू. ‘ऑली’ नावाच्या उडीत खेळाडू मागच्या पायाने फळीचे शेपूट जमिनीवर आपटतो. फळी वर उसळते. त्याच क्षणी तो पुढच्या पायाची बाहेरची कड त्या खरखरीत थरावरून घासत पुढे नेतो आणि फळी हवेत सपाट करतो. अमेरिकेतील ॲलन गेलफंड या खेळाडूने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही उडी रूढ केली. ‘ऑली’ हे त्याचेच टोपणनाव होय. एका सायंकाळी अशा पन्नास उड्या मारल्या, तर जोड्याची तीच जागा पन्नास वेळा पॉलिश कागदावर घासली जाते. परिणामी पुढच्या पायाच्या करंगळीजवळ एक भोक पडते, तेथील शिवण सुटते आणि त्या बाजूची नाडी तुटते. दुसऱ्या पायाची कथा वेगळी. त्या पायाने जमीन रेटावयाची व वेग कमी करावयाचा असतो. म्हणून त्याचा तळ चवड्याखाली पातळ होतो. उरलेला जोडा बहुधा धडधाकट असतो.

यावरून आमच्या लेखाचा मुख्य सिद्धान्त निघतो. जोडा सर्वत्र सारखा झिजत नाही. तो एका ठरावीक जागी मरतो आणि बाकीचा भाग चांगला असूनही फेकला जातो. ती जागा आधी ओळखून तेवढीच जपली, तर सबंध जोड्याचे आयुष्य वाढते.

जाणते स्केटबोर्ड खेळाडू नेमके हेच करतात. जोडा निवडताना ते कापडापेक्षा स्वेड म्हणजे लवदार कातडे पसंत करतात, कारण घर्षणात ते अधिक टिकते. करंगळीच्या जागी शिवणी जितक्या कमी तितके बरे. असल्याच तर त्या दुहेरी असाव्यात. जोडा नवा असतानाच ते त्या शिवणींवर रबरासारख्या वाळणाऱ्या गोंदाचा पातळ थर देतात. मग फळी प्रथम गोंद घासते. धाग्याची पाळी नंतर येते. गोंद झिजला की पुन्हा थर द्यावयाचा. काही जण नाडीवर मेण चोळतात. भोक पडू लागल्याचे दिसताच आतून ठिगळ लावतात. खेळाचा जोडा वेगळा ठेवतात. तोच घालून ते रोज बाजारात हिंडत नाहीत. भोक पडल्यावर गोंद शोधीत बसणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत होय.

हाच नियम आपल्या शाळेच्या कापडी बुटांना लावून पाहू. त्यांच्या मरणाच्या जागा चार. पहिली, चवड्याची घडी: चालताना बूट जेथे वाकतो तेथे कापड व रबरी पट्टी यांचा सांधा सुटतो. दुसरी, टाचेची मागची बाजू. नाडी न सोडता पाय कोंबला, किंवा बुटाची टाच दुमडून त्याची सपाता केली, की ही बाजू मोडते. तिसरी, तळाच्या टाचेची बाहेरची कड. बहुतेकांचे पाऊल प्रथम तेथेच टेकते. चौथी, अंगठ्यावरचे कापड. वाढलेले नख व आखूड बूट मिळून तेथे भोक पाडतात.

या चार जागांवर आपल्या हवामानाचा मारा होतो. आपला जिल्हा काळ्या मातीचा. पावसाळ्यात येथे सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि ही माती ओली झाली की फुगते व बुटाला गोळ्यांनी चिकटते. वाळताना ती आकसते. तिच्यातील बारीक खडे शिवणीत राहून प्रत्येक पावलागणिक धागा कापतात. म्हणून चिखल ओला असताना सुरीने खरवडू नये. तो वाळू द्यावा, झटकावा, ब्रशाने झाडावा आणि मग साध्या पाण्याने बूट धुवावा. रात्रभर बादलीत भिजत टाकल्यास सोल चिकटविलेले सोल्यूशन सैल पडते.

वाळविण्याची घाई हा दुसरा शत्रू. ओला बूट चुलीशेजारी किंवा पत्र्यावर ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. ओले कातडे सुक्या कातड्यापेक्षा फार कमी उष्णतेत आकसते आणि मग कडक होऊन तडकते. सोल्यूशनही उष्णतेने मऊ पडते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा पत्र्यावरचा बूट किती तापत असेल, याची कल्पना करावी. योग्य रीत अशी: नाडी सैल करावी, आतला गादीचा तुकडा काढावा, बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, ते ओले झाले की बदलावेत आणि बूट सावलीत, वाऱ्यावर ठेवावा.

कातडी चपलेची गोष्ट थोडी निराळी. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावतात आणि ती शिवताना खिळ्यांऐवजी कातड्याचीच वादी वापरतात. या चपलेला २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. ती उन्हाळ्याची व हिवाळ्याची सोबतीण आहे. पावसात तिला बाहेर काढू नये. अधूनमधून फडक्याने पुसून तेलाचा हलका हात फिरवावा. तेल फार झाल्यास कातडे ढिले पडते व धूळ धरते.

येथे एक शंका येईल: मग जोडा पेटीत ठेवून दिला तर तो सर्वांत अधिक टिकेल काय? नाही. आजच्या अनेक बुटांचा तळ पॉलियुरेथेन नावाच्या पदार्थाचा असतो. हवेतील दमटपणामुळे तो न वापरताही काही वर्षांत आतून कुजतो आणि एके दिवशी घालताच त्याचा भुगा होतो. दोन जोड असल्यास ते आळीपाळीने वापरणे उत्तम, कारण घामाने दमट झालेला जोड वाळावयास एक दिवसाची उसंत मिळते.

मुलांच्या जोड्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तुमचा पाय वाढता आहे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली नाही, तर तो जोडा कितीही चांगला असला तरी तुमच्यासाठी संपला. टिकविण्याच्या हट्टाने आखूड जोड्यात पाय कोंबून बोटे वाकडी करून घेऊ नयेत. पायासाठी जोडा आहे, जोड्यासाठी पाय नाही. मात्र जपून वापरलेला असा जोडा, आतली गादी बदलून, धाकट्या भावंडाला देता येतो. तळ एका बाजूला झिजून तिरका झाला असेल, तर तो देऊ नये. त्याने चालण्याची ढब बिघडते. नक्षी पूर्णपणे झिजलेला तळ खेळासाठी वापरणे तर धोक्याचेच, कारण तो घसरतो. आणि गोंद किंवा सोल्यूशन लावावयाचे ते मोकळ्या हवेत, मोठ्यांच्या देखत; त्याची वाफ छातीत जाणे चांगले नव्हे.

आता ज्याच्यावाचून हा विषय अपुरा राहील, त्या कारागिराकडे वळू. रस्त्याच्या कडेला आरी व रापी घेऊन बसलेला चर्मकार हा जोड्याचा वैद्य होय. शिवण दोन बोटे उसवली असता त्याच्याकडे गेलो, तर काम दोनचार टाक्यांत भागते. पट्टी पूर्ण सुटल्यावर गेलो, तर तो तरी काय करणार? या कामाला हलके समजण्याची वाईट चाल आपल्या समाजात फार दिवस होती. ज्यांना आपण संत रोहिदास म्हणतो, ते स्वतः हेच काम करीत, हे आपण सोयीस्करपणे विसरलो. गांधीजींनी हे काम दक्षिण आफ्रिकेत जाणूनबुजून शिकून घेतले. त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख ते एका मठात शिकून आले होते. त्यांच्याकडून गांधीजी शिकले. पुढे वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले, ते याच विचाराने.

गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील तुरुंगात स्वहस्ते चपलांचा एक जोड तयार केला आणि १९१४ साली तो देश सोडताना, ज्यांनी त्यांना तुरुंगात धाडले होते त्या जनरल स्मट्स यांना भेट दिला. स्मट्स यांनी त्या चपला कित्येक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त, आदरपूर्वक परत पाठविल्या. म्हणजे तो जोड २५ वर्षे टिकला! चांगले कातडे, मन लावून घातलेले टाके आणि वापरणाऱ्याने बाळगलेली आस्था या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. पहिल्या दोन कारागिराच्या हाती असतात; तिसरी आपल्या.

शेवटी एक लहानसा प्रयोग सुचवितो. येत्या रविवारी घरातील सर्वांचे जुने जोडे अंगणात मांडा. प्रत्येक जोडा कोठे झिजला आहे ते वहीत टिपा: उजवा अधिक की डावा, टाचेची आतली कड की बाहेरची, शिवण की तळ. शेतात जाणाऱ्या वडिलांची चप्पल, कापूस वेचणाऱ्या आईची चप्पल आणि तुमचा बूट यांत फरक दिसेल. त्या फरकाची कारणे ज्याच्या त्याच्या कामात सापडतील. त्यानंतर आपल्या जोड्याची कच्ची जागा शोधा आणि ती उसवण्यापूर्वीच चर्मकाराकडे न्या. पुढल्या वर्षी खेळाच्या तासाला झाडाखाली बसणाऱ्यांची संख्या एकाने जरी घटली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही मानू.