जीवशास्त्राची पदवी आणि कर्जाचा हिशेब

रायपूर येथे जीवशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारावेत : पदवीनंतर मिळकत किती होईल, आणि ती केव्हा सुरू होईल?

समजा, तीन वर्षांच्या पदवीसाठी त्याने दरवर्षी आरंभी १ लाख रुपये, दरसाल दरशेकडा १० व्याजाने कर्जाऊ घेतले. शिक्षणकर्जाची फेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. तोपर्यंत ९० हजार रुपये सरळव्याज चढून कर्ज ३ लाख ९० हजारांचे होते. ते १० वर्षांत फेडावयाचे झाल्यास मासिक हप्ता सुमारे ५,१५० रुपये पडतो. पहिला पगार १५,००० रुपये धरल्यास त्याचा तिसरा हिस्सा हप्त्यातच जातो.

जीवशास्त्रात मिळकत बहुधा उशिरा वाढते. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. तिच्या मानाने हाच हप्ता सातवा हिस्सा ठरतो. परंतु त्यासाठी सामान्यतः पदव्युत्तर शिक्षणाची आणखी दोन वर्षे व राष्ट्रीय परीक्षेतील यश आवश्यक असते, आणि ते थोड्यांच्याच वाट्यास येते.

म्हणून कर्ज पहिल्या पगाराच्या मानाने बेतावे, दूरच्या आशेवर नव्हे. रायपुरात १९४८ साली स्थापन झालेले शासकीय नागार्जुन विज्ञान महाविद्यालय आणि १९६४ सालचे पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे. घरी राहून तेथे शिकल्यास वसतिगृहाचा व खाणावळीचा खर्च टळतो. मुद्दल निम्मे झाले की हप्ताही निम्मा होतो. आणि पुढील शिक्षणाचा मार्ग तितकाच मोकळा राहतो.