सहलीचा कागद

पोरगं शाळेतून घरी येतं. हातात एक कागद असतो. "बाबा, सही करा. सहल जाणार आहे."

हा कागद म्हणजे संमतीपत्र. संमती म्हणजे होकार. आपल्या मुलाला गावाबाहेर नेण्यास आपण शाळेला लेखी होकार देतो, तो हा कागद. आजवर कुणी त्यावर अंगठा उठवला. कुणी पोरालाच म्हटले, "तूच लिही माझं नाव." आता तुम्हाला वाचता येते. आधी वाचा, मग सही करा.

आमचीच एक चूक सांगतो. आम्ही शाळेत असताना दरवर्षी सहल नेत असू. एका मुलीचा कागद दोन वर्षे परत आला नाही. आम्ही मनाशी म्हटले, यांना मुलीला पाठवायचेच नसेल. तिसऱ्या वर्षी तिच्या घरी गेलो. तिच्या आईने पत्र्याच्या पेटीतून दोन्ही कागद काढले. घडीसुद्धा मोडली नव्हती. बाई म्हणाली, "गुरुजी, यात काय लिवलंय कुनाला ठावं? मालकांनी एकदा न वाचता अंगठा दिला, अन् रान गहाण पडलं. तवापासनं आमी कागदाला भितो."

आम्ही कागद वाचून दाखवला. बाईने दोनच प्रश्न विचारले. रात्री निजायचं कुठं? पोरींसंगट बाई हाय का? उत्तरे ऐकली आणि अंगठा दिला. हे दोन वर्षे आधी व्हायला हवे होते. कागद पाठवला म्हणजे काम झाले, असे आम्ही समजलो होतो.

पोरगी आमच्याबरोबर विजापूरला आली. सोलापूरहून विजापूर सुमारे 100 किलोमीटर. ते कर्नाटकात आहे, आणि 2014 पासून त्याचे नाव विजयपुर झाले आहे. तिथला गोल घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. हा बादशहा 1656 साली वारला. घुमट बाहेरून सुमारे 44 मीटर रुंद आहे, आणि आत आधाराला एकही खांब नाही. वर गोल सज्जा आहे. एका बाजूला भिंतीशी कुजबुजले, तर समोरच्या बाजूला ऐकू येते. पोरीने हाक मारली, "आये!" घुमट कितीतरी वेळ "आये, आये" म्हणत राहिला.

पुढच्या वर्षी नळदुर्गचा किल्ला पाहिला. बोरी नदीला बांध घालून त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे. पोरगी म्हणाली, "गुरुजी, हे पण आदिलशाहीतलंच ना?" पुस्तकातला तोच धडा आम्ही वर्गात तीनदा शिकवला होता!

आता कागदात काय पाहायचे? तारीख, गाव, मुक्काम, पैसे हे तर पाहाच. शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आहे का, तेही विचारा. एस.टी. शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्याची सवलत देते, म्हणून गाडी कोणती तेही विचारा. आणि पाण्याचे नक्की विचारा. 1 फेब्रुवारी 2016 रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. आपली पोरे विहिरीत पोहायला शिकतात. विहिरीचे पाणी जागच्या जागी असते. समुद्राचे पाणी ओहोटीला माणसाला आत ओढून नेते. पाण्यात उतरू देणार नाही, असे गुरुजींकडून वदवून घ्या. गुरुजींना राग येणार नाही. आला तर येऊ द्या.

सहल लांबचीच हवी असे नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 1910 साली सोलापुरात झाला. 1938 साली ते आणखी चार डॉक्टरांबरोबर चीनला गेले. तिथे लढाईतल्या जखमींवर उपचार करता करता 1942 साली वारले. सोलापुरात त्यांचे स्मारक आहे.

आता तर झेडपीच्या मुलांनाही परदेशाची वाट खुली होत आहे. पुणे जिल्हा परिषदेने 2025 साली परीक्षा घेऊन आपल्या शाळांतील 25 मुले निवडली, अमेरिकेत नासा ही अवकाश संस्था पाहण्यासाठी. परदेशी जायला पासपोर्ट लागतो. मूल 18 वर्षांच्या आतले असेल, तर त्या अर्जावरही आईबापांची संमती लागते.

खालचा कागद मोठ्याने वाचा. मोकळ्या जागा भरा.

मी ........ हिची आई / वडील. दिनांक ........ रोजी ........ येथे जाणाऱ्या सहलीस माझ्या मुलीला पाठविण्यास माझी संमती आहे. मुक्काम ........ येथे आहे. बरोबर जाणाऱ्या शिक्षिकेचे नाव ........ . हा कागद मी स्वतः वाचला आहे.

सही ........