नोंदणीकृत परिचारिका : अधिकाराची कक्षा

रुग्णालयातील परिचारिकेच्या नावापुढे ‘आर. एन., आर. एम.’ अशी अक्षरे असतात. पैकी पहिली जोडी नोंदणीकृत परिचारिकेची, तर दुसरी नोंदणीकृत प्रसविकेची द्योतक होय. रुग्णाच्या नातलगांचे लक्ष या अक्षरांकडे सहसा जात नाही. परंतु परिचारिकेने कोणते काम स्वतःच्या जबाबदारीवर करावे, कोणते डॉक्टरांच्या आदेशाने करावे आणि कोणते मुळीच करू नये, या तिन्ही प्रश्नांचा उगम त्या अक्षरांतच आहे.

ही नोंदणी राज्याची परिचर्या परिषद करते. मद्रास इलाख्यात नोंदणीचा कायदा १९२६ साली झाला होता. देशभर शिक्षणाचा दर्जा एकसारखा राहावा म्हणून भारतीय परिचर्या परिषद कायदा १९४७ साली आला. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायदा संमत केला असून त्यात राष्ट्रीय आयोग व राज्य आयोग अशी नवी रचना योजिली आहे. नोंदणी राज्यनिहाय असल्यामुळे बेळगावात शिकून कर्नाटकात नाव नोंदविलेल्या परिचारिकेने गोव्यात नोकरी धरल्यास तिला येथील परिषदेकडेही नोंदणी करावी लागते. सीमेपलीकडून सेवेसाठी येणाऱ्या भगिनींनी याची खातरजमा रुजू होण्यापूर्वीच केलेली बरी.

कामाची कक्षा मात्र कोण्या एका कायद्यात कलमवार मांडलेली आढळत नाही. घेतलेले शिक्षण, औषधविषयक नियम, शासनाच्या मार्गदर्शक सूचना आणि सेवा बजावीत असलेल्या संस्थेची लेखी कार्यपद्धती या सर्वांमिळून ती ठरते. नाडी, श्वसन व रक्तदाब पाहणे, अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस वेळेवर बदलणे, स्तनपानाविषयी मातेस समजावणे, यांसाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहावयाची नसते. रुग्णाची प्रकृती ढासळत असल्याचे ओळखून डॉक्टरांस तत्काळ बोलाविणे हेही याच वर्गातील काम होय. मध्यरात्री डॉक्टरांची झोपमोड कशी करावी, हा संकोच येथे सर्वथा अस्थानी आहे.

औषधाचे तसे नाही. रुग्णालयात औषध द्यावयाचे ते डॉक्टरांच्या आदेशावरून. परंतु आदेश मिळाला म्हणजे परिचारिकेची जबाबदारी संपली, असे समजणे चूक ठरेल. उदाहरणार्थ, पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता एकदम शिरेत दिल्यास हृदयक्रिया बंद पडू शकते. कागदावर केवळ औषधाचे नाव आणि ‘शिरेतून’ एवढेच लिहिलेले असेल, तर किती द्रवात मिसळून, किती वेळात द्यावयाचे, हे विचारल्यावाचून हात पुढे करू नये. असा प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो तिच्या शिक्षणाचाच भाग आहे. दूरध्वनीवरून आदेश घेण्याची वेळ आल्यास तो उलट वाचून दाखवावा, डॉक्टरांचे नाव व वेळ नोंदवावी आणि पुढे त्यांची सही घ्यावी. ‘डॉक्टरांनी सांगितले होते’ एवढ्याच उत्तराने चौकशीत सुटका होईलच असे नाही.

गावातील मागणी याहून निराळी असते. ताप आला की ‘सिस्टर, एक सुई द्या’, अशक्तपणा वाटला की ‘एक सलाईन लावा’. नकार दिला तर शेजारी दुखावतात, हेही खरे. तथापि स्वतःच्या निदानावर घरोघरी इंजेक्शने देत फिरणे म्हणजे वैद्यकीय व्यवसाय करणे होय. आणि अधिकार नसता तो करणाऱ्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ अन्वये एक वर्षापर्यंत कारावास वा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. उपकेंद्रातील परिचारिका शासनाने पुरविलेली औषधे रुग्णांना देते, त्याची गोष्ट वेगळी. औषधे नियम, १९४५ च्या ‘के’ अनुसूचीने त्यासाठी विक्रीपरवान्यातून सूट दिलेली आहे. २०१८ नंतर देशभर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले. त्यावर सहा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकाही काम करतात. रक्तदाबाच्या रुग्णास डॉक्टरांनी एकदा ठरवून दिलेल्या गोळ्या दरमहा देणे, हे त्यांच्या कामात मोडते.

आता दुसरी बाजू. मर्यादा ओलांडण्याच्या भयाने आपल्या कक्षेतील कामही न करणे हा दोष कमी बोलला जातो. पण त्याने जीव जातो. सत्तरी वा सांगे तालुक्यातील आडगावच्या उपकेंद्रात आठव्या महिन्यातील एक गर्भवती आणली गेली, अशी कल्पना करावी. डोके ठणकते आहे, दृष्टी अंधुक झाली आहे, रक्तदाब १६० च्या वर आहे आणि तेवढ्यात तिला आचके येऊ लागले. दूरध्वनी लागत नाही. अशा प्रसंगी प्रसूतिसेवेचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेने मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा द्यावी, असे केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात: दोन्ही नितंबांत पाच-पाच ग्रॅम, स्नायूत खोलवर. डॉक्टरांच्या आदेशाअभावी थांबावयाचे नाही. प्रसूतीनंतर रक्तस्राव टाळण्यासाठी ऑक्सिटोसिनचे दहा युनिट स्नायूत देण्याचा अधिकारही तिला असाच दिलेला आहे.

पहिल्या मात्रेनंतर स्त्रीला डाव्या कुशीवर वळवून रुग्णवाहिकेने मोठ्या रुग्णालयात न्यावयाचे. पुढील मात्रा तेथेच. हे औषध प्रमाणाबाहेर गेल्यास श्वसन मंदावते. म्हणून सोबतच्या चिठ्ठीवर औषधाचे नाव, मात्रा, दिल्याची वेळ, त्या वेळचा रक्तदाब आणि श्वसनाचा दर सुवाच्य अक्षरांत लिहावा, व खाली आपले नाव आणि नोंदणी क्रमांक घालावा. बांबोळीच्या महाविद्यालयीन रुग्णालयातील डॉक्टर सर्वप्रथम तीच चिठ्ठी हाती घेतात.